एकेचाळीस विजय आणि शेजारचा संघ

अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या महिला आइस हॉकी संघाने २०१२-१३ च्या हंगामात एकेचाळीस सामने खेळले आणि ते सर्वच्या सर्व जिंकले. अमेरिकी विद्यापीठांतील क्रीडास्पर्धांचे नियमन ‘नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन’ ही संस्था, म्हणजे एनसीएए, करते. या संस्थेच्या महिला आइस हॉकी स्पर्धेत एकही सामना न हरता आणि एकही बरोबरीत न सोडता राष्ट्रीय विजेतेपद मिळवणारा तो पहिला संघ ठरला. पुरुषांच्या स्पर्धेचा इतिहास याहून कितीतरी जुना असला, तरी तिथेही असे निर्भेळ यश एकदाच, १९६९-७० मध्ये, कॉर्नेल विद्यापीठाला मिळाले आहे आणि त्या संघाचे सामने होते एकोणतीस. मिनेसोटाच्या विक्रमाविषयी जे लिहिले गेले, ते प्रामुख्याने त्या संघातील असामान्य खेळाडूंविषयी आहे आणि ते योग्यच आहे. मात्र अपराजित संघाची कथा त्याच्या प्रतिस्पर्ध्याला वगळून सांगितली, तर ती अपुरी राहते. कारण विजयाचे मोल समोरचा संघ किती तोलामोलाचा होता यावरच ठरते. मिनेसोटाच्या बाबतीत असा एक संघ होता शेजारच्या राज्यातील नॉर्थ डकोटा विद्यापीठाचा. त्याने त्या हंगामात मिनेसोटाला सर्वांत अधिक वेळ झुंजवले, पुढल्या हंगामात मिनेसोटाची विजयमालिका अखेर खंडित केली आणि त्यानंतर चार वर्षांच्या आतच त्या विद्यापीठाने तो संघ कायमचा बंद केला.

आइस हॉकी हा खेळ सुमारे दोनशे फूट लांब आणि पंच्याऐंशी फूट रुंद अशा, गोलाकार कोपऱ्यांच्या आणि चारही बाजूंनी फळ्यांनी बंदिस्त केलेल्या बर्फाच्या मैदानावर, म्हणजे रिंकवर, खेळला जातो. चेंडूऐवजी कडक रबराची तीन इंच व्यासाची आणि एक इंच जाडीची चकती असते, तिला पक म्हणतात. ती बर्फावर उसळू नये म्हणून सामन्यापूर्वी गोठवून ठेवतात. प्रत्येक संघाच्या एका वेळी सहा जणी रिंकवर असतात: एक गोलरक्षक, दोन बचावपटू आणि तीन आघाडीच्या खेळाडू. वीस मिनिटांच्या तीन सत्रांत सामना विभागलेला असतो आणि खेळ थांबला की घड्याळही थांबते. या खेळाशी परिचय नसलेल्या प्रेक्षकाला सर्वाधिक चकित करणारी गोष्ट म्हणजे खेळाडूंची अदलाबदल. पूर्ण वेगाने स्केटिंग करण्याचे श्रम इतके असतात की कोणतीही खेळाडू सलग पाऊण मिनिटाच्या आसपासच रिंकवर राहते. या छोट्या पाळीला शिफ्ट म्हणतात. पाळी संपत आली की ती कठड्याकडे झेपावते, तिचा पाय आत पडतो न पडतो तोच दुसरी खेळाडू कठड्यावरून उडी मारून बर्फावर उतरते आणि हे सारे खेळ न थांबवता, पक कुठे आहे यावर नजर ठेवून, सामनाभर चाललेले असते. क्षणभर आधी उडी मारली, तर रिंकवर जास्त खेळाडू असल्याबद्दल शिक्षा होते आणि संघाला दोन मिनिटे एक खेळाडू कमी घेऊन खेळावे लागते. क्षणभर उशीर झाला, तर प्रतिस्पर्ध्याला मोकळी वाट मिळते. महिलांच्या खेळात प्रतिस्पर्ध्याला अंगाने धडक देऊन पाडण्यास मनाई असते. त्यामुळे पास देण्यातील अचूकता, वेग बदलण्याचे कसब आणि पुढची हालचाल आधीच ओळखण्याची बुद्धी यांना पुरुषांच्या खेळापेक्षा अधिक महत्त्व येते.

संघाची हंगामातील कामगिरी विजय, पराभव आणि बरोबरी अशा तीन आकड्यांत नोंदवली जाते आणि मिनेसोटाची नोंद ४१-०-० अशी आहे. यातला शेवटचा शून्य मधल्या शून्याइतकाच दुर्मीळ आहे. त्या काळी साखळी सामना साठ मिनिटांत निकाली निघाला नाही, तर केवळ पाच मिनिटांची जादा वेळ मिळत असे आणि तीही कोरी गेली की सामना बरोबरीत धरला जाई. म्हणजे एखाद्या संध्याकाळी समोरच्या गोलरक्षकाला सूर सापडला, एवढ्याने निर्भेळ यशाला गालबोट लागू शकत होते. त्यातच मिनेसोटाचे साखळी सामने ज्या ‘वेस्टर्न कॉलेजिएट हॉकी असोसिएशन’ या आठ संघांच्या गटात होत, तो देशातला निर्विवाद बलाढ्य गट होता. एनसीएएची महिला स्पर्धा २००१ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून २०१३ पर्यंतची तेराही विजेतेपदे याच गटातील मिनेसोटा-डलूथ, मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन या तीन संघांनी आपसांत वाटून घेतली होती. या गटातल्या प्रत्येक संघाशी चार वेळा, असे अठ्ठावीस सामने मिनेसोटाला खेळायचे होते आणि अठ्ठावीसही त्याने जिंकले.

असा संघ उभा राहायला आधी बर्फ लागतो, मग कायदा आणि मग इमारत. मिनेसोटा हे अमेरिकेच्या उत्तर सीमेवरचे, हजारो तळ्यांचे राज्य; हिवाळ्यात ही तळी गोठतात आणि मुले घराजवळच्या तळ्यावरच स्केटिंग शिकतात. निसर्गाने हे मैदान मुलामुलींना सारखेच दिले, तरी शाळांनी ते दीर्घकाळ मुलांपुरतेच धरले होते. या परिस्थितीला पहिला मोठा धक्का दिला तो १९७२ च्या शिक्षणविषयक केंद्रीय कायद्यातील ‘टायटल नाइन’ या कलमाने. सरकारी निधी घेणाऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेला लिंगाच्या आधारे भेदभाव करता येणार नाही, असे हे कलम सांगते. त्याच्या मूळ शब्दांत खेळाचा उल्लेखही नाही, परंतु शाळा-महाविद्यालयांतील क्रीडा हा शिक्षणाचाच भाग असल्यामुळे मुलींना खेळण्याची संधी नाकारणे हाही भेदभाव ठरला. काँग्रेसमध्ये या कलमासाठी झटणाऱ्यांमध्ये हवाईच्या प्रतिनिधी पॅट्सी मिंक आणि ऑरेगनच्या प्रतिनिधी इडिथ ग्रीन या दोघी अग्रभागी होत्या. कायदा झाला म्हणून संघ लगेच निर्माण झाले नाहीत. शालेय स्तरावर मुलींच्या आइस हॉकीला अधिकृत खेळाचा दर्जा देणारे मिनेसोटा हे देशातले पहिले राज्य ठरले, तेही १९९४ मध्ये. म्हणजे कायद्यानंतर बावीस वर्षांनी. विद्यापीठाचा महिला संघ त्यानंतर, १९९७-९८ च्या हंगामात, प्रशिक्षक लॉरा हॅल्डॉरसन यांच्या मार्गदर्शनाखाली मैदानात उतरला. त्याच हिवाळ्यात जपानमधील नागानो येथे महिला आइस हॉकीचा ऑलिम्पिकमध्ये प्रथमच समावेश झाला आणि अमेरिकेने अंतिम सामन्यात कॅनडाला ३-१ असे हरवून पहिले सुवर्णपदक मिळवले. २०१२-१३ च्या संघातील बहुतेक मुली त्या वेळी पाच ते आठ वर्षांच्या होत्या. मुलगी हॉकी खेळते ही बाब जिच्या शाळेला ठाऊक होती, जिच्या राज्यात तिच्यासाठी स्पर्धा होती आणि जिच्यासमोर ऑलिम्पिकचे उदाहरण होते, अशी ही पहिली पिढी होय.

इमारतीचा मुद्दा क्रीडालेखनात सहसा तळटीपेइतकाच येतो. प्रत्यक्षात मात्र तो फार मोठा आहे. कृत्रिम रिंक म्हणजे नळ्यांचे जाळे पुरलेला काँक्रीटचा पाया, त्या नळ्यांतून अखंड फिरणारे अतिथंड द्रावण आणि त्यावर थराथराने गोठवलेला जेमतेम इंच-दीड इंच जाडीचा बर्फ. तो टिकवण्याचा खर्च अहोरात्र चालू असतो. साहजिकच ‘बर्फाचे तास’ ही या खेळातली सर्वांत महागडी वस्तू आहे आणि रिंक सामाईक असली की मुलींच्या वाट्याला पहाटेचे किंवा रात्री उशिराचे तास येतात, हा उत्तर अमेरिकेतील खेळाडूंच्या कित्येक पिढ्यांचा अनुभव आहे. भारतातील महिला आइस हॉकीची कहाणीही याच गाठीपाशी अडते: राष्ट्रीय संघ जवळजवळ संपूर्णपणे लडाखच्या मुलींचा आहे, त्यांचा सराव वर्षानुवर्षे नैसर्गिक बर्फ टिकतो तेवढ्या मोजक्या आठवड्यांवर अवलंबून राहिला, आणि तरीही त्या संघाने २०२५ मध्ये संयुक्त अरब अमिरातीत झालेल्या आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळवले. मिनेसोटा विद्यापीठाने २००२ मध्ये मिनीॲपोलिस येथील आपल्या आवारात, पुरुषांच्या रिंकला लागूनच, महिला संघासाठी स्वतंत्र रिंक बांधली. सुमारे ३,४०० प्रेक्षकांची सोय असलेली ही ‘रिडर अरीना’ म्हणजे खास महिला आइस हॉकीसाठी उभारलेली अमेरिकेतील पहिली विद्यापीठीय वास्तू होय. तिला ज्या रॉबर्ट आणि कॅथलीन रिडर या दांपत्याचे नाव दिले आहे, त्यांपैकी रॉबर्ट हे १९५२ आणि १९५६ च्या अमेरिकी ऑलिम्पिक हॉकी संघांचे व्यवस्थापक होते आणि कॅथलीन यांनी विद्यापीठातील महिला क्रीडेसाठी दीर्घकाळ पाठपुरावा केला होता. स्वतःची रिंक असणे म्हणजे सरावाची वेळ दुसऱ्याच्या सोयीवर अवलंबून नसणे, सामानाची खोली, व्यायामाची जागा आणि प्रेक्षकांची सवय हे सारे एकाच पत्त्यावर असणे. कट्टर प्रतिस्पर्धी विस्कॉन्सिननेही याच २०१२-१३ च्या हंगामाच्या आरंभी मॅडिसन येथे आपल्या महिला संघाची ‘लाबान अरीना’ ही रिंक खुली केली, यावरून मिनेसोटाने घातलेला पायंडा किती परिणामकारक होता हे दिसते.

प्रशिक्षक ब्रॅड फ्रॉस्ट यांच्याकडे २००७ पासून संघाची सूत्रे होती आणि २०१२ च्या मार्चमध्ये त्यांनी विस्कॉन्सिनला ४-२ असे हरवून राष्ट्रीय विजेतेपद मिळवले होते. विद्यापीठीय संघाचे वैशिष्ट्य असे, की खेळाडूला चारच हंगाम खेळता येतात. दर वर्षी एक पिढी बाहेर पडते आणि दुसरी येते, त्यामुळे सलग दोन वर्षे तोच संघ कोणत्याच प्रशिक्षकाच्या हाती नसतो. फ्रॉस्ट यांच्या या संघात मात्र अनुभव आणि नवखेपणा यांचा विलक्षण मेळ बसला होता. आघाडीवर ॲमांडा केसल ही मूळची मॅडिसनची, म्हणजे विस्कॉन्सिन विद्यापीठाच्याच गावची, खेळाडू तिसऱ्या वर्षात होती. तिचा भाऊ फिल केसल हाही मिनेसोटाकडून एक हंगाम खेळून व्यावसायिक लीगमध्ये गेलेला. ॲमांडाने त्या हंगामात सदतीस सामन्यांत ४६ गोल केले आणि ५५ गोलांसाठी निर्णायक पास दिले; आइस हॉकीत या दोन्हींना प्रत्येकी एक गुण धरतात, त्या हिशेबाने तिचे १०१ गुण झाले. देशातील सर्वोत्तम विद्यापीठीय महिला खेळाडूला दिला जाणारा पॅटी कॅझमायर पुरस्कार तिला मिळाला. प्रिन्स्टन विद्यापीठाची जी खेळाडू १९९० मध्ये अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी रक्ताच्या दुर्मीळ विकाराने मरण पावली, तिच्या स्मरणार्थ हा पुरस्कार १९९८ पासून देण्यात येतो. केसलच्या जोडीला पहिल्याच वर्षाची हॅना ब्रँट होती आणि तिने ८२ गुण मिळवले. बचावफळीत शेवटच्या वर्षाची मेगन बोझेक आणि नवखी ली स्टेकलाइन या दोघी होत्या.

तरीही हा संघ खऱ्या अर्थाने उभा होता तो गोलरक्षक नूरा रॅटी हिच्यावर. फिनलंडमधील एस्पो शहराची रॅटी सोळाव्या वर्षीच, २००६ मध्ये, ऑलिम्पिक खेळली होती आणि २०१० मध्ये फिनलंडच्या कांस्यपदक विजेत्या संघात होती. आइस हॉकीतील गोल सहा फूट रुंद आणि चार फूट उंच असतो, म्हणजे अंगावर जाड पॅड बांधलेली गोलरक्षक त्याचा बराच भाग निव्वळ उभी राहूनच झाकते. उरलेल्या फटी किती उघड्या ठेवायच्या, हे मात्र ती कुठे उभी राहते यावर ठरते. गोलरेषेला चिकटून राहिले तर कोपरे मोकळे पडतात आणि एक-दोन पावले पुढे सरकले तर मारणाऱ्या खेळाडूला गोल अरुंद दिसू लागतो, परंतु तेवढ्यात तिने पक दुसरीकडे सरकवला तर मागचा सारा गोल उघडा पडतो. हे एक पाऊल केव्हा टाकायचे आणि केव्हा मागे घ्यायचे, यातच गोलरक्षकाची सारी विद्या सामावलेली आहे. रॅटी त्यात इतकी तयार होती, की पुष्कळदा तिचा बचाव पाहणाऱ्याला नेत्रदीपक वाटतच नसे. पक येऊन तिच्या अंगावर आदळे, कारण ती आधीच तिथे पोहोचलेली असे. गोलरक्षकांच्या पाळ्या बदलत नाहीत, हेही इथे ध्यानात घ्यायला हवे: इतर खेळाडू पाऊण मिनिटाने श्वास घ्यायला बाकावर जातात, गोलरक्षक मात्र सामनाभर त्या निळ्या रंगवलेल्या अर्धवर्तुळात एकटी असते. चार वर्षांत ११४ विजय आणि प्रतिस्पर्ध्याला एकही गोल करू न दिलेले ४३ सामने ही रॅटीची कारकीर्द त्या काळी विद्यापीठीय हॉकीतला उच्चांक होती.

हंगामाचा गद्य भाग फारसा सांगण्याजोगा नाही आणि कदाचित म्हणूनच तो अवघड असतो. विद्यापीठीय आइस हॉकीत एकाच प्रतिस्पर्ध्याशी लागोपाठ दोन दिवस, बहुधा शुक्रवारी आणि शनिवारी, दोन सामने होतात. त्यामुळे शुक्रवारी हरलेल्या संघाला चोवीस तासांत आपल्या चुका सुधारून पुन्हा भिडण्याची संधी मिळते आणि जिंकलेल्या संघाला तीच धार दुसऱ्या दिवशीही टिकवावी लागते. अशा मालिकांमध्ये एक विजय आणि एक पराभव हा निकाल अगदी नेहमीचा. ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत दर आठवड्याला दोन्ही दिवस जिंकणे, त्यातले निम्मे सामने परगावी, आणि सोमवारी सकाळी पुन्हा वर्गात हजर, या दिनक्रमाची कसोटी एखाद्या अंतिम सामन्यापेक्षा कमी नाही. एनसीएएच्या नियमानुसार त्या काळी एका संघाला अठरा पूर्ण शिष्यवृत्त्या देता येत. याहून वेगळे वेतन या खेळाडूंना नव्हते आणि शिक्षण संपल्यावर उपजीविका होईल अशी व्यावसायिक लीगही २०१३ मध्ये महिलांसाठी अस्तित्वात नव्हती.

नॉर्थ डकोटा विद्यापीठ ग्रँड फोर्क्स या शहरात आहे. रेड नदीच्या एका काठावर हे शहर आणि पलीकडच्या काठावर मिनेसोटा राज्य. मिनीॲपोलिसपासूनचे अंतर सुमारे पाचशे किलोमीटर. तिथला महिला संघ २००२ मध्ये सुरू झाला आणि पहिली काही वर्षे तळाशीच चाचपडत राहिला. त्याचे रूप पालटले ते जोसलिन आणि मोनिक लॅमुरू या जुळ्या बहिणींमुळे. या दोघी ग्रँड फोर्क्सच्याच. विद्यापीठाचे पहिले वर्ष त्या मिनेसोटाकडून खेळल्या आणि नंतर आपल्या गावच्या संघात परतल्या. देशातील दोन अव्वल खेळाडूंनी स्थिरावलेला संघ सोडून धडपडणाऱ्या संघाकडे जावे, ही साधी गोष्ट नव्हती. त्यांच्या पाठोपाठ फिनलंडच्या राष्ट्रीय संघातील मिशेल कार्विनेन हीही ग्रँड फोर्क्सला आली आणि २०१२ मध्ये या संघाला प्रथमच राष्ट्रीय स्पर्धेत प्रवेश मिळाला. तिथे उपांत्यपूर्व फेरीतच त्यांना थांबवले ते मिनेसोटाने. एका वर्षाने, १६ मार्च २०१३ रोजी, त्याच फेरीत हेच दोन संघ रिडर अरीनामध्ये पुन्हा समोरासमोर आले.

मिनेसोटाच्या खात्यात तेव्हा अडतीस सामने आणि अडतीस विजय होते आणि लॅमुरू भगिनींचे विद्यापीठातील हे अखेरचे वर्ष होते. बाद फेरीत बरोबरी नसते. साठ मिनिटांनंतर गुणफलक २-२ असा होता. अशा वेळी वीस-वीस मिनिटांची नवी सत्रे खेळवली जातात आणि त्यांत ज्या क्षणी कोणताही संघ पहिला गोल करतो, त्या क्षणी सामना संपतो. पहिले जादा सत्र कोरे गेले, दुसरेही कोरे गेले. म्हणजे तिसरे सुरू झाले तेव्हा खेळाडू शंभर मिनिटांचा खेळ खेळून चुकल्या होत्या. आइस हॉकीत थकवा पायांत दिसण्याआधी बर्फावर दिसतो: प्रत्येक विश्रांतीत झॅम्बोनी नावाचे यंत्र फिरवून, वरचा थर खरवडून आणि गरम पाणी पसरून रिंक पुन्हा गुळगुळीत करतात, तरी सत्राच्या उत्तरार्धात स्केटच्या पात्यांनी सारा पृष्ठभाग ओरखडतो, बर्फाचा भुगा साठतो आणि एरवी सरळ जाणारा पक अडखळू लागतो. थकलेल्या पायांना आणि खडबडीत बर्फाला कल्पक पास झेपत नाहीत. खेळ साधा होत जातो, पक गोलाकडे ढकलायचा आणि गर्दीत घुसायचे. केसलच्या नावावर शंभराच्या घरात गुण असलेल्या या संघाला तो सामना जिंकून दिला तो केली टेरी हिने. तिसऱ्या जादा सत्रात तिचा गोल झाला आणि मिनेसोटा ३-२ असा विजयी झाला. तो एक पक बाहेर गेला असता, तर ४१-०-० ही नोंद कुठेच राहिली नसती आणि त्या संघाची ओळख साखळीत सारे जिंकून ऐन वेळी कोसळलेला संघ अशी झाली असती. म्हणूनच या हंगामाचा केंद्रबिंदू अंतिम सामन्यात नसून या उपांत्यपूर्व सामन्यात आहे, असे मानणे अधिक रास्त ठरते.

उपांत्य सामनाही जादा वेळेत गेला. ॲलेक्स कार्पेंटरसारखी आघाडीची खेळाडू असलेल्या बोस्टन कॉलेजविरुद्ध मेगन बोझेकच्या गोलाने मिनेसोटाने ३-२ अशी बाजी मारली. २४ मार्चला झालेल्या अंतिम सामन्यात प्रतिस्पर्धी होता बोस्टन विद्यापीठाचा संघ आणि त्यात कॅनडाची मरी-फिलिप पुलँ होती. २०१० च्या ऑलिम्पिक अंतिम सामन्यात कॅनडाचे दोन्ही गोल तिचे होते. मिनेसोटाने हा सामना ६-३ असा जिंकला. तो आधीच ठरल्याप्रमाणे रिडर अरीनामध्येच झाल्यामुळे घरच्या प्रेक्षकांसमोर हंगाम पुरा करण्याचे भाग्य संघाला लाभले.

२०१२ च्या फेब्रुवारीत सुरू झालेली विजयमालिका एवढ्यावर संपली नाही. नव्या हंगामात रॅटी पदवी घेऊन बाहेर पडली होती, केसल आणि स्टेकलाइन सोची ऑलिम्पिकच्या तयारीसाठी राष्ट्रीय संघात गेल्या होत्या, तरी उरलेल्या संघाने आणखी तेरा सामने जिंकले आणि सलग विजयांचा आकडा बासष्टवर नेला. त्रेसष्टाव्या सामन्यात, १७ नोव्हेंबर २०१३ रोजी, नॉर्थ डकोटाने रिडर अरीनामध्ये येऊन मिनेसोटाला ३-२ असे हरवले. मार्चमधला गुणफलक नोव्हेंबरमध्ये उलट झाला आणि तोही लॅमुरू भगिनी संघात नसताना. त्या वर्षीचे राष्ट्रीय विजेतेपदही मिनेसोटाच्या हातून निसटले; क्लार्क्सन विद्यापीठाने अंतिम सामना ५-४ असा जिंकला आणि पश्चिमेकडील गटाची तेरा वर्षांची मक्तेदारी संपली.

निर्भेळ हंगाम किती नाजूक असतो, याचा पडताळा २०१६ मध्ये आला. त्या वर्षी बोस्टन कॉलेज चाळीसपैकी चाळीस सामने जिंकून अंतिम फेरीत पोहोचले. मिनेसोटाच्या पंक्तीला बसण्यासाठी त्याला एकच विजय हवा होता आणि समोर नेमका मिनेसोटाच उभा ठाकला. ॲमांडा केसल सोचीत मेंदूला झालेल्या आघातामुळे जवळजवळ दोन वर्षे खेळापासून दूर होती, शेवटचा हंगाम अर्धा उलटल्यावर ती संघात परतली होती. मिनेसोटाने ३-१ असा विजय मिळवला आणि निर्णायक गोल केसलचा होता. चाळीस विजय मिळवूनही बोस्टन कॉलेजच्या त्या संघाची आठवण आज फारशी निघत नाही, ही या खेळातली एक कठोर बाब आहे; गुणवत्तेच्या दृष्टीने तो संघ २०१३ च्या मिनेसोटापेक्षा फार कमी नव्हता.

नॉर्थ डकोटाच्या वाट्याला आले ते मात्र पराभवापेक्षा वाईट होते. २९ मार्च २०१७ रोजी विद्यापीठाने अर्थसंकल्पातील कपातीचे कारण देऊन महिला आइस हॉकी आणि जलतरणाचे दोन्ही संघ बंद केल्याचे जाहीर केले. या तारखेचा योगायोग अधिक बोचरा आहे. आदल्याच दिवशी, २८ मार्चला, अमेरिकेच्या राष्ट्रीय महिला संघाने मानधन आणि सुविधा यांसाठी पुकारलेला बहिष्कार सन्मान्य करार होऊन मिटला होता आणि त्या लढ्यात लॅमुरू भगिनी पुढे होत्या. म्हणजे ज्या आठवड्यात खेळाडूंनी आपल्या श्रमांचे मोल मान्य करून घेतले, त्याच आठवड्यात त्यांच्या विद्यापीठाने त्यांनी उभारलेला संघ मोडला. त्यानंतर अकरा महिन्यांनी, २२ फेब्रुवारी २०१८ रोजी, दक्षिण कोरियातील प्याँगचांग येथे ऑलिम्पिकच्या अंतिम सामन्यात कॅनडा २-१ ने पुढे असताना मोनिक लॅमुरूने बरोबरीचा गोल केला आणि पेनल्टी फटक्यांच्या निर्णायक फेरीत जोसलिनने गोलरक्षकाला हुलकावणी देऊन अमेरिकेला वीस वर्षांनी सुवर्णपदक मिळवून दिले. मिनेसोटाच्या अपराजित संघातील हॅना ब्रँट, ली स्टेकलाइन आणि ॲमांडा केसलही त्या दिवशी त्यांच्याबरोबर होत्या. कधीकाळी तीन जादा सत्रे एकमेकींविरुद्ध झगडलेल्या मुली एकाच संघात जिंकल्या.

विद्यापीठाजवळ साधने नव्हती असे म्हणता येत नाही. ग्रँड फोर्क्समध्ये २००१ साली दहा कोटी डॉलरहून अधिक खर्चून बांधलेली, अकरा हजारांवर प्रेक्षक मावतील अशी ‘राल्फ एंगेलस्टॅड अरीना’ आहे. महिलांचा संघ तिथेच खेळत असे आणि पुरुषांचा संघ आजही तिथे खेळतो. म्हणजे बर्फ होता, इमारत होती. काढून घेतली गेली ती मुलींची जागा. माजी खेळाडूंनी आणि खेळू इच्छिणाऱ्या मुलींनी ‘टायटल नाइन’च्या आधारे न्यायालयात दाद मागितली. पुरुषांसाठी शारीरिक संपर्काचा एखादा खेळ चालवणाऱ्या संस्थेने, मुलींना त्यात पूर्वी संधी कमी मिळालेली असेल आणि पुरेशी इच्छा व क्षमता असेल, तर त्यांनाही तो खेळ उपलब्ध करून दिला पाहिजे, असा त्यांच्या दाव्याचा गाभा होता. खालच्या न्यायालयाने दावा फेटाळला. केंद्रीय अपील न्यायालयाने मात्र २०२१ मध्ये तो निर्णय फिरवून दावा पुढे चालवण्यास वाट मोकळी केली. बावीस वर्षे झिरपत झिरपत शाळेपर्यंत पोहोचलेला कायदा मिळालेले टिकवण्यासाठीही पुन्हा वापरावा लागतो, हे या खटल्याने दाखवून दिले.

दरम्यान बाहेरचे जग बदलले आहे. २०२४ च्या १ जानेवारीला सहा संघांची ‘प्रोफेशनल विमेन्स हॉकी लीग’ सुरू झाली आणि महिला खेळाडूंना स्थिर, करारबद्ध वेतन मिळू लागले. पहिल्या दोन्ही हंगामांचे विजेतेपद मिनेसोटाच्या व्यावसायिक संघाने पटकावले आणि त्यात ली स्टेकलाइन होती. विद्यापीठांच्या पश्चिम गटातही नॉर्थ डकोटा गेल्यावर काही वर्षे सातच संघ उरले होते. २०२१ मध्ये सेंट पॉल येथील सेंट थॉमस विद्यापीठाच्या प्रवेशाने ती संख्या पुन्हा आठ झाली. मात्र सेंट थॉमस मिनीॲपोलिसच्या उंबरठ्यावर आहे आणि ग्रँड फोर्क्स पाचशे किलोमीटर दूर. लॅमुरू भगिनींचा खेळ पाहून रेड नदीकाठच्या ज्या मुलींनी स्केट बांधले, त्यांना आपल्या गावच्या विद्यापीठाकडून खेळण्याची वाट अजूनही बंद आहे. आणि त्या विद्यापीठाने हा संघ पुन्हा उभारावा, यासाठी बर्फ, प्रेक्षक किंवा खेळाडू यांपैकी कशाचीही तिथे वाण नाही.